हिमनदीला घातलेला नवस

आज सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. कॉलेजात असताना एका वादविवाद स्पर्धेत मी 'ग्लोबल वॉर्मिंग हा नुसता बागुलबुवा आहे' या बाजूने बोललो होतो आणि बक्षीसही घेऊन आलो होतो. माझा हुकमाचा मुद्दा एकच होता. हिमनद्या पूर्वीही वाढल्या, पूर्वीही वितळल्या, तेव्हा कुठे होत्या मोटारी? समोरच्या मुलीने शांतपणे विचारलं, "बदलतात हे मान्य, पण आत्ता का बदलतायत?" मी काहीतरी विनोद करून वेळ मारून नेली. टाळ्या मला पडल्या.

तोच मुद्दा आज व्हॉट्सॲपवर फिरतोय. तुमच्याही फॅमिली ग्रुपवर आला असेल. म्हणून आजची गोष्ट.

स्वित्झर्लंडमध्ये, आल्प्सच्या कुशीत, फीश नावाचं गाव आहे. त्याच्या वरच्या अंगाला आलेच ही आल्प्समधली सगळ्यात मोठी हिमनदी. सतराव्या शतकात ती वाढत होती. तिच्या कडेला बर्फाने पाणी अडून एक तळं साठायचं आणि बर्फातून वाट सापडली की ते सगळं पाणी एकदम खालच्या खोऱ्यात यायचं. लोक हैराण झाले. शेवटी १६७८ मध्ये फीश आणि शेजारच्या फीशरटाल या गावांनी नवस केला, की देवा, आम्ही सदाचाराने राहू, तू या बर्फाला आवर. १८६२ पासून त्यासाठी दरवर्षी मिरवणूकही निघू लागली.

म्हणजे माझा अर्धा मुद्दा खरा होता. त्या काळाला इतिहासात 'छोटं हिमयुग' म्हणतात, आणि ते माणसाने आणलेलं नव्हतं.

पण ते आपोआपही आलं नव्हतं. मी गफलत केली ती इथे. 'नैसर्गिक' म्हणजे 'कारणाशिवाय' नव्हे. मोठे ज्वालामुखी फुटले की त्यांची धूळ आणि वायू वर जाऊन सूर्यप्रकाश अडवतात. १८१५ मध्ये इंडोनेशियातला तांबोरा फुटला आणि पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा जवळपास आलाच नाही. सूर्यही थोडा मंदावला होता. १६४५ ते १७१५ या काळात त्याच्यावरचे डाग फारच कमी दिसले.

मग एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर आल्प्समधल्या हिमनद्या मागे सरू लागल्या. तेव्हा हवेतला कार्बन डायऑक्साइड फारसा वाढलेला नव्हता. शंका घेणारे इथेच बोट ठेवतात, आणि ते बरोबरच आहे. २०१४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरच्या हिमनद्यांचा हिशोब मांडला. १८५१ ते २०१० या सगळ्या काळात जे वितळलं, त्यात माणसाचा वाटा साधारण पाव निघाला. पण फक्त १९९१ ते २०१० ही वीस वर्षं पाहिली, तर तोच वाटा दोन तृतीयांशाच्या आसपास गेला. अशा हिशोबात मागेपुढे होतंच, पण दिशा स्पष्ट आहे.

मग सूर्यच तापला नसेल कशावरून? १९७८ पासून उपग्रह त्याचं तेज मोजतायत आणि ते वाढलेलं नाही. शिवाय सूर्यामुळे तापलं असतं, तर वातावरणाचा वरचा थरही तापला असता. प्रत्यक्षात खालची हवा तापतेय आणि वरचा थर थंड होतोय. खाली पांघरूण घातलं की असंच होतं. ते पांघरूण म्हणजे कार्बन डायऑक्साइड. कारखान्यांच्या आधी हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे त्याचे सुमारे २८० होते, आता ४२० च्या वर गेलेत.

शंका घेऊच नये असं मी म्हणत नाही. हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत संपतील, असं संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या २००७ च्या अहवालात छापून आलं होतं. भारतातले हिमनदी-तज्ज्ञ व्ही. के. रैना यांनी २००९ मध्ये वेगळं चित्र मांडलं. जानेवारी २०१० मध्ये समितीने चूक मान्य केली. आकडा चुकला होता. वितळणं मात्र खरं होतं.

त्याच २०१० साली फीशमध्येही एक गोष्ट घडली. आलेच तोवर तीन किलोमीटरच्या आसपास मागे गेली होती. आता गावकऱ्यांना काळजी होती पाण्याची. त्यांनी व्हॅटिकनकडे प्रार्थना बदलायची परवानगी मागितली होती, ती मिळाली. ज्यांच्या पूर्वजांनी 'बर्फ मागे ने' म्हणून हात जोडले, ते आता 'बर्फ राहू दे' म्हणतात. पुढे २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांनी आपला साधारण दहा टक्के बर्फ गमावला.

त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला बरीच वर्षं लागली. ती हे ऐकत असेल, तर बक्षीस तुझंच होतं.

ग्रुपवर तो मेसेज पुन्हा आला तर भांडू नका. फक्त तिचाच प्रश्न विचारा, 'आत्ता का?' भेटू पुढच्या भागात!