मंठ्याचा विद्यापीठीय कागद

मराठवाड्याच्या जालना जिल्ह्यातील मंठा या गावाच्या महाविद्यालयात कोणता विषय शिकवायचा आणि परीक्षा कशी घ्यायची, हे मंठ्यात ठरत नाही. ते विद्यापीठाच्या सभांत ठरते. त्या सभांची कार्यसूची, इतिवृत्ते, ठराव आणि हजेरीपट हा या भागाच्या शिक्षणाचा पहिल्या प्रतीचा पुरावा आहे.

हा पुरावा एका जागी नाही. निजामाच्या राजवटीत मराठवाड्यातील महाविद्यालये 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेली होती. तिथे शिक्षणाचे माध्यम उर्दू होते आणि निर्णय हैदराबादेत होत. 23 ऑगस्ट 1958 रोजी औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले, पहिले कुलगुरू सुं. रा. डोंगरकेरी झाले आणि निर्णयाची जागा मराठी मुलखात आली. त्याआधीचा माग काढणाऱ्याला हैदराबादच गाठावे लागते.

मंठ्याच्या बाबतीत जिल्ह्याच्या सीमेचाही प्रश्न आहे. हे गाव पूर्वी परभणी जिल्ह्याच्या परतूर तालुक्यात होते. 1 मे 1981 रोजी जालना जिल्हा झाला आणि परतूर तालुका त्यात आला. पुढे 17 सप्टेंबर 1994 रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. परभणी जिल्हा त्याच्याकडे गेला, जालना जिल्हा औरंगाबादकडेच राहिला. तेरा वर्षांपूर्वीच्या जिल्हाबदलामुळे मंठ्याचे विद्यापीठ ठरले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही.  

औरंगाबादच्या विद्यापीठात प्राध्यापकांचा शब्द कुठे चालतो, हे कायद्यांवरून कळते. 1994 च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने अधिसभा, व्यवस्थापन परिषद, विद्यापरिषद, विद्याशाखा आणि अभ्यासमंडळे यांची रचना ठरवली. विद्याशाखेचा अधिष्ठाता तेव्हा निवडून येई. 1 मार्च 2017 पासून अमलात आलेल्या 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने ती निवडणूक बंद करून अधिष्ठात्याची नियुक्ती सुरू केली आणि विद्याशाखा चारवर आणल्या. अधिसभेत मात्र दहा अध्यापक, दहा प्राचार्य आणि दहा नोंदणीकृत पदवीधर निवडून येतात. जुनी इतिवृत्ते आणि नवी इतिवृत्ते शेजारी ठेवली, तर या बदलाचे प्रत्यक्ष वजन कळेल. कायद्याच्या कलमांत ते दिसत नाही.

इतिवृत्ताची मर्यादाही मोठी आहे. दोन तासांचा वाद ‘चर्चेअंती ठराव संमत’ एवढ्यात मिटतो आणि कोण विरोधात बोलले, ते कळत नाही. म्हणून हजेरीपट, मतमोजणीचे कागद, सदस्यांनी सभेआधी पाठवलेले प्रस्ताव आणि त्यांच्यावरचे शेरे तितकेच मोलाचे. तालुक्याच्या गावातून आलेला प्रतिनिधी किती सभांना हजर होता, हे त्यातूनच मोजता येते.

विद्यापीठाच्या अभिलेखाची जबाबदारी कायद्याने कुलसचिवांवर टाकली आहे, तर माहिती अधिकार कायदा 2005 अभिलेखांची सूची करून ठेवण्यास सांगतो. संबद्ध महाविद्यालयांनी आपल्याकडच्या परिपत्रकांच्या आणि पत्रव्यवहाराच्या संचिका रद्दीत जाण्याआधी वर्षवार लावून ठेवाव्यात. मंठ्यासारख्या गावाचा शैक्षणिक इतिहास लिहिताना विद्यापीठातील इतिवृत्तांना जोड देणारा कागद तोच असेल.