उशिराचा कागद



कायद्याच्या पोथीत कोरडे वाटणारे काही प्रश्न वस्तुतः पोटाचे असतात. व्यापारी दाव्यात उशिरा आणलेला कागद कोर्टाने घ्यावा की नाही, हा त्यांतलाच एक होय.

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकरी सावकारांवर चालून गेले. त्यांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. रोखे सापडले की त्यांची होळी होई. निरक्षर कुणब्याला एक गोष्ट पुरती उमगली होती : कचेरीत कागद बोलतो, आणि कागद सावकाराच्या पेटीत असतो. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने त्यावर उपाय काढला. रोख्यावरील आकड्यापाशी न थांबता व्यवहाराचा मुळापासून हिशेब पाहावा, पैसे पोचल्यावर सावकाराने पावती द्यावी, असे ठरले. या कायद्याखाली न्यायमूर्ती रानड्यांनीही पुढे विशेष न्यायाधीश म्हणून काम केले.

परंतु कागद असणे निराळे आणि तो वेळेवर कोर्टापुढे येणे निराळे. १९०८ च्या दिवाणी संहितेने सांगितले की, कागद पहिल्या सुनावणीलाच हजर करावेत. मागाहून आणणाऱ्याने सबळ कारण द्यावे. १९७६ च्या दुरुस्तीने ही मुदत वादमुद्दे निघेपर्यंत लांबवली. २००२ पासून दाव्यासोबतच कागद जोडणे आले. नंतर आणायचा तर कोर्टाची परवानगी हवी. २०१५ चा व्यापारी न्यायालय कायदा त्याहून कडक आहे. दाव्यासंबंधीचे आपल्या ताब्यातील सर्व कागद, अनुकूल असोत वा प्रतिकूल, आरंभीच उघड करून तसे शपथेवर सांगावे लागते. तातडीच्या दाव्यात वादीला ३० दिवसांची सवलत मागता येते. त्यानंतर वाजवी कारण दाखविल्याशिवाय दार उघडत नाही.

हा कडकपणा अकारण नाही. ऐन साक्षीच्या वेळी नवा कागद काढायचा, समोरच्याला गोंधळात टाकायचे आणि पुढची तारीख पदरात पाडायची, ही जुनी युक्ती आहे. पैसेवाल्याला तारीख परवडते. ज्याचे बिल थकले आहे, त्याचे मजूर मात्र शनिवारी दारात उभे राहतात.

तरीही दुसरी बाजू पाहा. २०१८ मध्ये या कायद्याची मर्यादा १ कोटीवरून ३ लाखांवर आली. त्यामुळे आमच्या नाकाडोंगरीसारख्या खाणपट्ट्यातील ट्रकवाला किंवा लाकूड पुरवणाराही थकलेल्या बिलासाठी याच नियमांत सापडू शकतो. मोठ्या कंपनीपाशी दप्तर असते, कारकून असतो. याची वजनपावती ड्रायव्हरच्या खिशात आणि माल पोचल्याची सही समोरच्याच्या फायलीत!

न्यायालयांनी ही विषमता ओळखलेली आहे. आमच्या नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले विव्हियन बोस यांनी १९५५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात प्रतिपादन केले की, कार्यपद्धती न्यायाला साहाय्य करण्यासाठी आहे, पक्षकारांना शिक्षा करण्यासाठी नव्हे. कल्याणजवळच्या हाजी मलंग दर्ग्याच्या खटल्यात त्याच न्यायालयाने १९६८ मध्ये सांगितले की, पुराव्याचा भार आपल्यावर नाही म्हणून कोणी महत्त्वाचे कागद दडवून ठेवले, तर त्याच्याविरुद्ध अनुमान काढता येते. आणि २०२१ मध्ये सुधीरकुमार विरुद्ध विनयकुमार या खटल्यात स्पष्ट झाले की, दावा लावल्यानंतरच हाती लागलेल्या कागदाला ताब्यात असूनही न दिलेल्या कागदाचा कडक निकष लावता येत नाही.

तेव्हा उशीर झाला एवढेच पाहून भागत नाही. कागद इतके दिवस कोणाच्या कपाटात होता, हे आधी विचारले पाहिजे. स्वतःच्या कपाटात ठेवून विसरणाऱ्याला कायदा फारशी दया दाखवणार नाही. म्हणून कामगार बंधूंना मी हजेरीविषयी जे सांगतो, तेच लहान व्यावसायिकांना सांगेन. ज्या दिवशी माल द्याल, त्याच दिवशी सही घ्या, तिची नक्कल घरी ठेवा, आणि वकिलाकडे जाताना अडचणीचा कागदसुद्धा बरोबर न्या.