जीएसटीचा दर बदलला, मग जुन्या बिलाचं काय? सॉफ्टवेअरमधल्या नोंदींना तारीख का लागते

समजा, नागपूरच्या इतवारीतल्या एका ठोक व्यापाऱ्याने 10 सप्टेंबर 2025 ला शाम्पूचा माल विकला. मालाची किंमत 10,000 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे 1,800 रुपये. पंधरा दिवसांनी, 25 सप्टेंबरला दुकानदाराने तो सगळा माल परत पाठवला. आता व्यापाऱ्याने क्रेडिट नोट किती टक्क्यांनी काढायची?

मधल्या काळात दर बदललेला आहे. 3 सप्टेंबरला जीएसटी परिषदेची 56 वी बैठक झाली आणि 22 सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेच्या दिवसापासून, शाम्पू, केसांचं तेल, टूथपेस्ट 18 वरून 5 टक्क्यांवर आले. सिमेंट 28 वरून 18 वर आलं. पण आपल्या प्रश्नाचं उत्तर 18 टक्के हेच आहे, कारण क्रेडिट नोट मूळ विक्रीच्या दराने निघते. सॉफ्टवेअरने 5 टक्के लावले तर 1,800 ऐवजी 500 रुपयेच वजा होतात आणि 1,300 रुपयांचा फरक राहतो. एका बिलात एवढा, तर महिन्याभराच्या परताव्यात किती, हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

ही चूक होते कशी?

बहुतेक वेळा 21 सप्टेंबरच्या रात्री कुणीतरी आयटम मास्टर उघडतं, 18 पुसतं आणि 5 लिहितं. काम दोन मिनिटांत होतं. पण त्या क्षणी सॉफ्टवेअरच्या लेखी शाम्पूवर कधी 18 टक्के कर होता ही गोष्टच नाहीशी होते.

योग्य पद्धत म्हणजे जुन्या दराला हात न लावता खाली नवी ओळ टाकायची. शाम्पूच्या खात्यात मग तीन ओळी दिसतील: 1 जुलै 2017 पासून 28 टक्के, 15 नोव्हेंबर 2017 पासून 18 टक्के आणि 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के. बिल करताना सॉफ्टवेअर तारीख बघतं आणि त्या दिवशी लागू असलेली ओळ उचलतं. याचा आणखी एक फायदा असा, की 17 सप्टेंबरला अधिसूचना निघाल्यावर लगेच 22 तारखेची ओळ भरून ठेवता येते. ती त्या दिवसापर्यंत गप्प बसते आणि मध्यरात्री जागायची गरज उरत नाही.

सातबारा पाहिलेल्यांना ही कल्पना नवी वाटणार नाही. जमीन विकली की जुन्या मालकाचं नाव खोडून टाकत नाहीत, त्याला कंस करतात आणि शेजारी फेरफार क्रमांक येतो. तो क्रमांक घेऊन गाव नमुना 6 मध्ये गेलात की बदल कधी आणि कशामुळे झाला ते सापडतं. तलाठ्याच्या दप्तरात ही शिस्त संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे.

एक नाही, दोन तारखा

इथे बरेच जण गोंधळतात. दर लागू झाला 22 ला, पण दुकानातल्या ऑपरेटरने तो भरला 24 ला. या दोन्ही तारखा जपायला हव्यात. फक्त पहिली ठेवली तर 22 आणि 23 तारखेची बिलं 18 टक्क्यांनी का गेली, हे नंतर कुणालाच कळणार नाही. दुसरी तारीख असेल तर चुकलेली बिलं नेमकी शोधता येतात.

ही दुसरी तारीख कंपन्यांसाठी कायद्यानेच बंधनकारक आहे. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांना असंच हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरावं लागतं, ज्यात प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहते आणि ती बंद करता येत नाही. यालाच एडिट लॉग म्हणतात. एकट्याच्या मालकीच्या दुकानाला हा नियम लागू नाही, तरी सोय असेल तर चालू ठेवावी असं आमचं मत. मात्र एडिट लॉग म्हणजे मुदतवार दर नव्हे. 18 चे 5 कधी झाले हे लॉग सांगेल, पण जुन्या तारखेच्या बिलाला 18 लावणं हे त्याचं काम नाही.

बिलाची तारीखही दरवेळी पुरत नाही. दर बदलाच्या आसपासच्या व्यवहारात सीजीएसटी कायद्याचं कलम 14 तीन गोष्टी बघतं: माल किंवा सेवा कधी दिली, बिल कधी केलं आणि पैसे कधी आले. अशा मोजक्या बिलांसाठी सॉफ्टवेअरवर न विसंबता सीएला विचारलेलं बरं.

तुमचं सॉफ्टवेअर तपासायचं कसं?

सरावाच्या कंपनीत किंवा बॅकअपवर ऑगस्ट 2025 चं एखादं शाम्पूचं बिल घ्या आणि त्यावर आजच्या तारखेची क्रेडिट नोट करून बघा. 18 टक्के आले तर ठीक. मग तेच बिल पुन्हा छापा आणि ग्राहकाचा पत्ता वाचा. 2022 च्या बिलावर औरंगाबाद होतं आणि आज छापल्यावर छत्रपती संभाजीनगर येत असेल, तर दर जपले गेले असले तरी पार्टी मास्टरमध्ये अजूनही पुसून लिहिणंच चालू आहे.