हेअर ट्रान्सप्लांट करावे का? आधी केस गळण्याचे कारण शोधा, मग ठरवा

चाळीसगावच्या माझ्या दवाखान्यात लग्नसराईच्या आधी काही तरुण हमखास येतात. तक्रार तापाची किंवा पोटाची सांगतात आणि उठता उठता टोपी काढून विचारतात, "डॉक्टर, हे ट्रान्सप्लांट करून घेऊ का? बायोडाट्याला फोटो लावायचा आहे." काहींनी कर्जाची चौकशीही केलेली असते. हा प्रश्न तुमच्या मनात असेल, तर निर्णय घेण्यापूर्वी पुढील माहिती वाचा.

किती केस गळणे सामान्य आहे?

रोज ५० ते १०० केस गळणे नैसर्गिक आहे. केस विंचरताना कंगव्यात चार केस आले म्हणून घाबरू नका. मात्र भांग रुंद होत असेल, कपाळ मागे सरकत असेल, टाळू दिसू लागली असेल किंवा अचानक पुंजकेच्या पुंजके हातात येत असतील, तर तपासणी करून घ्या.

सगळी केस गळती सारखी नसते

* आनुवंशिक टक्कल: पुरुषांमध्ये सर्वाधिक आढळणारा प्रकार. कपाळाच्या दोन्ही बाजू आणि टाळूवरचे केस हळूहळू बारीक होत जातात. आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून तो येऊ शकतो.
* आजारानंतरची गळती: टायफॉइड, डेंग्यू, बाळंतपण, मोठे ऑपरेशन किंवा कडक डाएटनंतर दोन-तीन महिन्यांनी केस भराभर गळतात. मूळ कारण दूर झाले की बहुतेकांचे केस सहा महिने ते वर्षभरात परत येतात.
* चाई: नाण्याएवढा गुळगुळीत गोल चट्टा पडतो. येथे शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर हल्ला करते. त्यावर औषधोपचार आहेत.
* बुरशीचा संसर्ग: लहान मुलांत जास्त. खाज, कोंड्यासारखे पापुद्रे आणि तुटलेले केस दिसतात.
* इतर कारणे: रक्तक्षय, थायरॉइडचे आजार, प्रथिनांची कमतरता, काही औषधे, घट्ट वेणी.

टोपी किंवा हेल्मेट घातल्याने आनुवंशिक टक्कल पडत नाही. बोअरच्या जड पाण्याने केस राठ होतात, पण टक्कल पडण्याचे कारण ते नव्हे.

बुलढाण्याचे उदाहरण लक्षात ठेवा

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातील अनेक गावांत लोकांचे केस काही दिवसांतच गळून टक्कल पडू लागले. सुरुवातीला पाणी, शाम्पू, बुरशी असे अनेक संशय घेतले गेले. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या तपासण्यांत सेलेनियमचे प्रमाण फार वाढलेले आढळल्याचे सांगितले आणि रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवले. अनेकांचे केस नंतर परत उगवू लागले. अशा गळतीत कोणी घाईने शस्त्रक्रिया केली असती, तर पैसा वाया गेला असता आणि खरे कारण तसेच राहिले असते.

म्हणून आधी तपासणी. गरजेनुसार हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड या रक्ततपासण्या पुरतात. महागडी पॅकेजे सर्वांनाच लागत नाहीत.

औषधांनी काय होते?

आनुवंशिक टकलात मिनॉक्सिडिल हे डोक्याला लावण्याचे औषध वापरतात. पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढल्यासारखी वाटते, तेव्हा घाबरून बंद करू नका. परिणाम कळायला चार ते सहा महिने लागतात आणि औषध थांबवले की फायदाही ओसरतो. गर्भवती आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रियांनी ते वापरू नये.

पुरुषांसाठी फिनास्टराइडची गोळी असते. काहींना लैंगिक इच्छा कमी होणे किंवा उदासपणा जाणवतो. त्यामुळे ती मेडिकलमधून परस्पर आणू नका. गर्भवती स्त्रीने या गोळीचा चुरा हाताळू नये. पीआरपी इंजेक्शनांचा काहींना उपयोग होतो, पण खात्री देता येत नाही.

ट्रान्सप्लांट म्हणजे नेमके काय?

डोक्याच्या मागच्या भागातील केस सहसा आयुष्यभर टिकतात. तेथील केस मुळासकट काढून पुढे लावतात. एका ग्राफ्टमध्ये एक ते चार केस असतात. एफयूटी पद्धतीत त्वचेची पट्टी काढतात, तर एफयूई पद्धतीत एकेक ग्राफ्ट काढतात.

येथे तीन गोष्टी नीट समजून घ्या:

१. नवे केस तयार होत नाहीत. मागचा साठा फक्त पुढे येतो. बहुतेकांकडे आयुष्यभरात वापरता येतील असे साधारण चार ते सहा हजार ग्राफ्टच असतात.

२. शस्त्रक्रियेने टक्कल थांबत नाही. लावलेले केस राहतात, पण आजूबाजूचे मूळ केस गळतच राहतात. म्हणून पंचविशीच्या आत घाई करू नये, आणि नंतरही औषध चालू ठेवावे लागू शकते.

३. लग्न पुढच्या महिन्यात असेल तर उपयोग नाही. लावलेले केस काही आठवड्यांत गळतात, तीन-चार महिन्यांनी उगवू लागतात आणि अंतिम रूप दिसायला ९ ते १२ महिने लागतात.

सक्रिय चाई, संसर्ग, अनियंत्रित मधुमेह किंवा मागचेही केस विरळ असतील, तर ही शस्त्रक्रिया सहसा योग्य नसते.

धोका किती?

सूज, खपल्या, बधिरपणा, संसर्ग आणि व्रण होऊ शकतात. जीवघेणे प्रसंग विरळ आहेत, पण घडले आहेत. मार्च २०१९ मध्ये मुंबईतील एका व्यावसायिकाने एकाच वेळी नऊ हजारांहून अधिक ग्राफ्ट बसवून घेतले. सुमारे दोन दिवसांत त्यांचा मृत्यू झाला. तीव्र ॲलर्जीची शक्यता डॉक्टरांनी वर्तवली होती. बधिर करण्याच्या औषधालाही मात्रेची मर्यादा असते. "एका दिवसात सगळे डोके भरून देतो" असे कोणी म्हणाले, तर तेथून उठा.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले की यूट्यूब पाहून किंवा कार्यशाळेला बसून हेअर ट्रान्सप्लांट करता येत नाही, त्यासाठी रीतसर शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण हवे. मी स्वतः एमबीबीएस आहे. तपासणी करून कारण शोधणे माझे काम, शस्त्रक्रिया प्रशिक्षित त्वचारोगतज्ज्ञाचे किंवा प्लॅस्टिक सर्जनचे.

नाशिक, पुणे, मुंबईला जाण्यापूर्वी हे विचारा

* शस्त्रक्रिया कोण करणार, डॉक्टर की तंत्रज्ञ? डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक काय?
* किती ग्राफ्ट लावणार, आणि मागे किती शिल्लक राहतील?
* पुढे टक्कल वाढले तर काय योजना आहे?
* ऑक्सिजन, ॲड्रेनालिन आणि आपत्कालीन सोय आहे का?
* एकूण खर्च आणि नंतरच्या भेटी लेखी देणार का?

तुमचे आजार, चालू औषधे, ॲलर्जी आणि तंबाखूची सवय लपवू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर स्वतःहून बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

शस्त्रक्रियेनंतर धाप लागणे, अंगभर पित्त उठणे, चेहऱ्यावर किंवा घशात सूज, ताप, पू किंवा न थांबणारा रक्तस्राव झाल्यास लगेच जवळच्या रुग्णालयात जा. क्लिनिकच्या फोनची वाट पाहू नका.

आणि मनाचे काय?

केस गेल्याचे दुःख खरे असते. त्याची चेष्टा घरच्यांनीही करू नये. केस बारीक कापणे, विग वापरणे किंवा काहीच न करणे, हेही योग्य पर्याय आहेत. बाहेर पडणे टाळत असाल, झोप उडाली असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर डॉक्टरांशी बोला. टेली मानस या शासकीय मोफत सेवेचा क्रमांक १४४१६ आहे.

ट्रान्सप्लांट चुकीचे नाही. योग्य व्यक्तीला, योग्य वयात, योग्य हातांनी केल्यास ते समाधान देते. पण केवळ फोटोसाठी आणि कर्ज काढून, कारण न तपासता ते करू नका. मागचा साठा एकदा संपला की तो पुन्हा मिळत नाही.