भुकेच्या मुलखातलं साठीनंतरचं वजन

वजन कमी कसं करावं, हा प्रश्न बारामती-इंदापूरच्या म्हाताऱ्यांना पडावा, हेच मोठं नवल आहे. हा सारा अवर्षणाचा टापू. 1877 साली दुष्काळी कामावरच्या पुरुषाची रोजची मजुरी ठरली होती एक पौंड, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम धान्याची किंमत आणि वर एक आणा. दिवसभर राबणाऱ्या माणसाला! पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्याविरुद्ध आवाज उठवला, मजुरांनी कामं सोडली.

पुढं 1885 मध्ये नीरा डावा कालवा वाहू लागला. काठानं ऊस आला, गुऱ्हाळं आली, 1930च्या दशकात वालचंदनगरचा साखर कारखाना आला. पण पाण्यापासून लांबच्या गावांत ताट तेच राहिलं: भाकरी, हुलग्याचं माडगं, ठेचा. 1972 च्या दुष्काळात तर परदेशी मिलो आणि सुकडी. आज सत्तरीकडं झुकलेले आम्ही तेव्हा शाळकरी पोरं होतो.

नंतर हाताशी मोटारसायकल आली, राबणं कमी झालं, चहातली साखर मात्र वाढली. आणि आपली शरीरं फसवी. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक दोघांचाही 22.3, अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2! म्हणून काट्याबरोबर कंबरही मोजावी. पुरुषांची 90 आणि बायकांची 80 सेंटिमीटरच्या वर गेली, की सावध व्हावं.

यावर आमच्याकडचा लाडका उपाय म्हणजे उपवास, आणि उपवासाला साबुदाण्याची खिचडी! त्यानं वजन कसं उतरणार? नुसतं उपाशी राहणंही म्हातारपणी महागात पडतं, कारण चरबीबरोबर स्नायूही झडतात. अमेरिकेत पासष्टीपुढच्या 107 लठ्ठ माणसांवर वर्षभर झालेला अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. नुसता आहार किंवा नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा दोन्ही करणाऱ्यांची चालण्या-उठण्याची ताकद जास्त सुधारली. नुसता आहार आवरणाऱ्यांपेक्षा त्यांचे स्नायूही कमी झडले. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारावं, नाहीतर साखर एकदम खाली जाते.

बाकी आमच्या ताटात काय कमी करायचं, हे उघड आहे: चहातली साखर, फरसाण, रात्रीचा भाताचा ढीग. काय वाढवायचं, तर डाळी-उसळी आणि ताक. सकाळी बांधावरून चालावं, खुर्चीवरून हात न टेकता दहादा उठावं-बसावं. आणि हुलग्याचं माडगं पुन्हा चुलीवर चढवावं. सुनांना ते येत नसेल, तर शिकवायला आपण आहोतच.