‘सेटलमेंट’ : एक शब्द, अनेक पर्याय

‘सेटलमेंट’ हा इंग्रजीतील नित्याच्या वापरातला शब्द. वसाहत, तडजोड, हिशेबपूर्ती, जमीनमहसुलाची निश्चिती असे त्याचे भिन्न अर्थ संदर्भानेच वेगळे होतात. 1818 पासून टप्प्याटप्प्याने इंग्रजी अमलाखाली आलेल्या खानदेशात मात्र ते एकमेकांत गुंतले. 1825 नंतर भिल्लांना शेतीवर स्थिर करण्याचे धोरण राबविले गेले, ते ‘सेटलमेंट’. पुढे विंगेट यांच्या पद्धतीने शेते मोजून, त्यांना क्रमांक देऊन 30 वर्षांसाठी सारा ठरविला गेला; तेही ‘सेटलमेंट’. डोंगरातला भिल्ल आणि गिरणाकाठच्या भडगावातला कुणबी या दोघांनाही एकच क्रियापद लागू झाले : जागच्या जागी बसविणे.

मराठीने यांसाठी ‘वसाहत’ आणि ‘जमाबंदी’ वा ‘बंदोबस्त’ असे निराळे शब्द योजले. त्यामुळे अर्थ स्पष्ट झाला, पण मूळ शब्दातले सत्तेचे सूत्र दृष्टीआड झाले. 1852 मध्ये खानदेशातील शेतकरी मोजणीविरुद्ध उठले व सैन्यबळाने त्यांना दडपण्यात आले, तेव्हा ‘तडजोड’ हा अर्थ येथे किती पोकळ होता हे उघड झाले. ‘बंदोबस्त’ हा शब्द आज साऱ्यापेक्षा पोलिसांच्या संदर्भातच अधिक ऐकू येतो, हे या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

समानार्थी शब्द समान इतिहास सांगत नाहीत. महसुली दप्तराचा अनुवादक जो पर्याय निवडतो, त्यावरच तेथे करार दिसणार की सक्ती, हे ठरते. पर्यायनिवड ही म्हणूनच कोशाची नव्हे, इतिहासमीमांसेची बाब होय.