चक्का, चुरा आणि गारवा : भट्टीविना चीजकेकचा वऱ्हाडी पूर्वेतिहास

घास-दोन घासांत संपणारे, कागदी वाटीत बसणारे, तळाशी बिस्किटाचा दाबलेला चुरा आणि वर दह्याच्या घट्ट गोळ्याचा गोड थर असलेले चीजकेक आता अमरावती-अकोल्याच्या घरांतही होते. ते भट्टीत जात नाही, शीतकपाटात थिजते. क्रीम चीज महाग, म्हणून त्याच्या जागी टांगून निथळलेला चक्का येतो. परदेशी बिस्किटाच्या जागी घरातले ग्लुकोजचे बिस्किट. पाहणाऱ्याला ही गरिबाघरची नक्कल वाटते. परंतु चक्का, चुरा आणि गारवा या तिन्ही घटकांना मराठी मुलुखात स्वतःचा भूतकाळ आहे, आणि त्यातील एका घटकाने तर एकेकाळी पुण्याची प्रतिष्ठित मंडळी जातिबहिष्काराच्या दारात उभी केली होती. हा धागा त्या तिघांचा.

आधी पश्चिमेकडची हकीकत थोडक्यात. इ. स. पू. १६० च्या सुमारास रोमन मुत्सद्दी केटो याने शेतीवर ग्रंथ लिहिला. त्यात चीज आणि मधाचे थर असलेल्या पोळीवजा पदार्थाची कृती आहे. तो पदार्थ भाजलेला. पुढची दोन हजार वर्षे युरोपात चीजकेक भट्टीतूनच निघत राहिले. आज ज्याला क्रीम चीज म्हणतात ते १८७२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील चेस्टर गावी विल्यम लॉरेन्स या गवळीधंद्यातील माणसाने बाजारात आणले. तळाच्या चुऱ्यासाठी अमेरिकेत जे बिस्किट वापरतात ते सिल्वेस्टर ग्रॅहम या धर्मोपदेशकाच्या नावाने ओळखले जाते. हा गृहस्थ कोंड्यासकट गव्हाचे पीठ खा, चमचमीत आणि गोडधोड टाळा, असा उपदेश करीत फिरला. त्याच्या नावाच्या बिस्किटाचा लोण्यासाखरेत लगदा होतो, हा काळाने केलेला विनोद म्हणावा. भट्टी वगळण्याची सोय घरोघरी बर्फपेटी आणि मग विजेचे शीतकपाट आल्यावर विसाव्या शतकात झाली.

दह्यातील पाणी काढून, साखर घालून, आच न लावता मिष्टान्न करण्याची रीत मात्र भारतात त्याच्या कितीतरी आधीची आहे. सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात ‘रसाला’ अथवा ‘शिखरिणी’ नावाचा पदार्थ येतो. कृती नेमकी आहे. दही म्हशीचे हवे, आंबट हवे आणि पाणी काढलेले हवे. त्यात शुभ्र साखर मिसळून ते स्वच्छ वस्त्रावर थोडेथोडे घ्यायचे, दूध घालीत हाताने घासून गाळायचे, आणि शेवटी वेलदोडा, लवंग, कापूर व मिरे. पुरणयंत्रातून किंवा पंचातून चक्का फेटणाऱ्या आजच्या गृहिणीला यातील एकही पायरी परकी वाटणार नाही. फरक आहे तो दुधाचा. भावमिश्राची शिखरिणी दूध घातल्यामुळे पातळ होई. आजचे श्रीखंड चमच्यावर उभे राहते.

याच शब्दाचा पुढचा प्रवास मराठीत मोठा गमतीचा झाला. ‘शिखरिणी’चे शिखरण आणि मग शिकरण झाले, आणि आज शिकरण म्हटले की केळी कुस्करून घातलेले दूध डोळ्यांपुढे येते. दही नाहीसे झाले, पातळपणा उरला. उलट घट्ट पदार्थाने श्रीखंड हे नाव घेतले. संस्कृतात श्रीखंड म्हणजे चंदन.

भावमिश्र असेही सांगतो की ही रसाला भीमाने केली आणि श्रीकृष्णाने ती चाखली. बल्लव होऊन विराटाच्या स्वयंपाकघरात राहिलेल्या भीमाला हे श्रेय मिळणे स्वाभाविकच. वऱ्हाडी माणूस येथे आपले नाते जोडू शकतो. रुक्मिणीचे माहेर म्हणून परंपरेने मानलेले कौंडण्यपूर अमरावती जिल्ह्यातच, वर्धा नदीच्या काठी आहे. जावयाला आवडलेला पदार्थ सासुरवाडीने जपला, असे कोणी म्हटले तर पुरावा मागू नये! प्रत्यक्षात वऱ्हाडात सणाच्या ताटाचा मान पुरणपोळीकडे राहिला.

तरीही भावमिश्राच्या कृतीतील एक शब्द थेट वऱ्हाडकडे बोट दाखवतो : म्हैस. या प्रदेशाची नागपुरी म्हैस ‘एलिचपुरी’ किंवा ‘वऱ्हाडी’ या नावांनीही ओळखली जाते. एलिचपूर म्हणजे आजचे अचलपूर, इमादशाहीची राजधानी. तिची लांब, मागे वळलेली शिंगे तलवारीसारखी दिसतात. दूध ती फार देत नाही, पण देते ते दाट. पूर्णा नदीच्या खोऱ्यात, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांच्या पट्ट्यात, फिकट भुरकट रंगाची आणखी एक म्हैस पिढ्यान्‌पिढ्या पाळली जाते. या ‘पूर्णाथडी’ म्हशीला स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवरील नोंदणी मिळाली ती २०२३ मध्ये. गवळ्यांनी मात्र तिला ओळखायला तोवर वाट पाहिली नव्हती. अहमदशहा बहमनीने १४२५ च्या सुमारास मेळघाटाच्या डोंगरावर ज्या किल्ल्याची तटबंदी उभारली, त्या गाविलगडाचे नावच परंपरा गवळ्यांशी जोडते.

या दाटपणामागे कापूसही आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) मँचेस्टरला भारतीय कापसाची गरज भासली आणि वऱ्हाडचे भाग्य फळफळले. मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोला-बडनेऱ्यावरून १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. वाटेवरच्या गावांत सरकी काढण्याचे कारखाने धडधडू लागले. रुई गाठींतून परदेशी जाई, सरकी मागे राही. तिची ढेप म्हशीच्या पुढ्यात पडली. सरकी खाल्लेल्या जनावराच्या दुधातील स्निग्धांश अधिक कठीण होतो आणि त्याचे लोणी उशिरा वितळते, हे दुग्धशास्त्रात सर्वमान्य आहे. न भाजता थिजवायच्या पदार्थाला नेमके हेच हवे असते.

पण याच भूमीत दुधाचे गणित एकदा फार वाईट रीतीने मांडले गेले. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर जुलै २००६ मध्ये विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचे ३,७५० कोटी रुपयांचे मदत-पॅकेज जाहीर झाले. अमरावती आणि अकोला त्यांत होते. जोडधंदा म्हणून शेतकऱ्यांना अनुदानावर जास्त दूध देणाऱ्या संकरित गायी देण्याची योजना त्यात होती. पी. साईनाथ यांच्या वार्तांकनातून तिचे वास्तव समोर आले : ज्या घरात माणसांच्या खर्चाची तोंडमिळवणी होत नव्हती, तेथे या गायींच्या चाऱ्या-पाण्याचा खर्च त्याहून वरचढ ठरला. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात भूजलच खारे, त्यामुळे हिरवा चारा दुर्मिळ. ज्वारीची जागा सोयाबीनने घेतल्यावर कडबाही आटला. कोरड्या वैरणीवर आणि ढेपेवर तगणारी, थोडे पण घट्ट दूध देणारी म्हैस याच मातीची होती. तिच्या संवर्धनाला प्राधान्य द्यायला हवे होते, असे म्हणण्यास पुरेसा आधार आहे. चक्क्याच्या दृष्टीने पाहिले तरी लिटर मोजण्यापेक्षा घन पदार्थ मोजणे शहाणपणाचे, कारण पाणी शेवटी फडक्यातून गळूनच जाते.

आता चुरा. भाजलेला गहू कुटायचा, त्यात स्निग्ध पदार्थ आणि गोड मिसळून दाबायचे, ही कल्पना वऱ्हाडला शिकवावी लागली नाही. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे फोडून त्यात तूप आणि गूळ कालवला की जे होते, ते आणि चीजकेकचा तळ यांत तत्त्वतः अंतर नाही. शिळ्या पोळीचा मलिदाही त्याच कुळातला. नवीन होते ते बिस्किट, आणि बिस्किटाची गोष्ट चवीपुरती कधीच नव्हती.

ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमानंतर पाहुण्यांना चहा आणि बिस्किटे देण्यात आली. उपस्थितांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. गोपाळ विनायक जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशींचे पती, यांनी हजर असलेल्यांची नावेच वृत्तपत्रातून उघड केली. सनातनी मंडळी खवळली, ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि चौकशीसाठी शास्त्री नेमले गेले. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले, आणि सुधारकांनाच त्याचे अधिक दुःख झाले. पिठात पाणी कोणी घातले, भट्टीशी कोण उभे होते, हा त्या वादाचा गाभा. १८९८ मध्ये दिल्लीत ‘हिंदू बिस्किट कंपनी’ या नावाचा कारखाना निघाला. या नावातच ग्राहकाच्या मनातील धास्तीचे उत्तर होते.

वरच्या जातींसाठी हा प्रश्न प्रायश्चित्ताने मिटणारा होता. ज्यांच्या स्पर्शालाच विटाळ मानले जाई, त्यांच्यासाठी तो तसा मिटत नव्हता. नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावर परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे अध्यक्ष होते, डॉ. पंजाबराव देशमुख या लढ्याच्या बाजूने उभे राहिले. बिस्किटाचा पुडा आणि मंदिराचा उंबरठा यांची तुलना विचित्र वाटेल, पण दोन्हींच्या मुळाशी ‘कोणाचा हात लागला’ हाच प्रश्न होता. पुड्याने तो हळूहळू निष्प्रभ केला. १९२९ मध्ये विलेपार्ल्यात सुरू झालेला गोळ्या-पेपरमिंटांचा कारखाना पुढच्या दशकाच्या अखेरीस ग्लुकोज बिस्किटे करू लागला. यंत्रातून निघालेल्या, कागदात बंद बिस्किटाची जात विचारणे लोकांनी सोडले. ज्या पदार्थासाठी रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावे लागले, तो आज अमरावतीत प्रसादाच्या ताटाशेजारी बसतो.

उरला गारवा, आणि वऱ्हाडात खरी अडचण तीच. मुंबईत बोस्टनहून जहाजाने बर्फ आला तो १८३४ मध्ये. सर जमशेटजी जिजीभाईंच्या मेजवानीतील आइस्क्रीमची चर्चा त्याच वर्षातली. भारतीय बनावटीचे गोदरेजचे शीतकपाट १९५८ चे. अकोला जिल्ह्यातील पारसचे औष्णिक वीजकेंद्र १९६० च्या दशकात सुरू झाले, पण वीज जेथे तयार होते तेथे ती राहतेच असे नाही. या शतकाच्या पहिल्या दशकातील दीर्घ भारनियमनात विदर्भाच्या खेड्यांतील शीतकपाट हे बहुधा कपाटच होते. अशा घरात थिजवण्याचा पदार्थ संभवत नव्हता. भट्टी नको म्हणून सोपा वाटणारा हा पदार्थ वस्तुतः अखंड विजेवर उभा आहे.

करण्याच्या रीतीतही हा इतिहास डोकावतो. भारतीय मानकांनुसार चक्क्यात किमान ३० टक्के घन पदार्थ असावे लागतात, म्हणजे पाणी ७० टक्क्यांपर्यंत चालते. अमेरिकी नियमांत क्रीम चीजमधील पाण्याची मर्यादा ५५ टक्के आणि स्निग्धांश किमान ३३ टक्के. म्हणून साधा चक्का घेतला तर वाटी उलटताच तो पसरतो. दही म्हशीचेच घ्यावे. फडक्यात बांधून, वर वजन ठेवून, शीतकपाटात रात्रभर निथळू द्यावे. उघड्यावर टांगले तर अकोल्याच्या उन्हाळ्यात सकाळपर्यंत ते दातांना आंबेल. पाव किलो चक्क्यात शंभर ग्रॅम पिठीसाखर, वेलदोडा आणि थोडी घट्ट साय फेटावी. अधिक घट्टपणा हवा असल्यास चमचाभर चायनाग्रास पाण्यात उकळून, कोमट असतानाच मिसळावे. शंभर ग्रॅम बिस्किटांच्या चुऱ्याला पन्नास ग्रॅम वितळलेले लोणी पुरते. चुरा लहान वाट्यांत वाटीच्याच बुडाने दाबून अर्धा तास गार करावा, वर चक्क्याचा थर द्यावा आणि चार तास हात लावू नये. आकार घासाएवढाच ठेवण्यामागे शोभेपेक्षा हवामान आहे. लोणी ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान वितळते, आणि मे २०२० मध्ये अकोल्याचा पारा ४७ अंशांच्या पुढे गेला होता. तेथे मोठा केक कापीपर्यंत त्याचा तळ सुटतो; लहान वाटी शीतकपाटातून निघून तोंडात जाईपर्यंत तग धरते.